ध्वनिमुद्रणाची सत्यनिष्ठा

आमच्यापुढें सध्यां दोन ध्वनिमुद्रणें आहेत. दोन्ही एकाच बाईच्या आवाजाचीं, एकाच धवळ्याचीं, आणि एका दुपारीं घेतलेल्या एकाच मुद्रणांतून निघालेलीं. असें असून पहिल्यांत एक शब्द नीट कळत नाहीं व दुसऱ्यांत तो अगदीं स्वच्छ ऐकूं येतो. पहिलें खरें व दुसरें खोटें, असें आम्हीं आमच्या एका माजी विद्यार्थ्यास सांगितलें, तेव्हां त्यानें उलट जो प्रश्न केला त्याचें उत्तर आम्हांस चटकन् देतां आलें नाहीं. तें शोधण्याच्या खटाटोपांतून हा लेख निघाला आहे. त्यांतील यंत्रविद्येचा भाग कोणास रुक्ष वाटण्याचा संभव आहे; परंतु ज्या घरांत गेलेल्या माणसाचा आवाज मोबाइलमध्यें जपून ठेवलेला आहे त्या घराशीं ह्या प्रश्नाचा संबंध पोंचतो, आणि असें नसलेलें घर आतां क्वचितच सांपडेल.

उरणच्या भोवतालच्या आगरी गांवांतून लग्नाचे विधि चालविण्याचा मान धवलारिणीकडे असे, व कांहीं घरांतून तो अद्यापि आहे. इतर समाजांत पुरोहिताच्या मंत्रांस जें स्थान, तेंच येथें धवलारिणीच्या गाण्यास. धवळा कोणत्याही पोथींतून शिकावयाचा नसतो. एका बाईच्या तोंडून तो दुसरीच्या कानांत उतरतो, आणि असा कान मिळाला नाहीं तर तेथेंच थांबतो. आमच्या लहानपणापर्यंत ह्या भागांत भातखाचरें, मिठागरें व मासेमारी ह्यांवरच माणसें जगत. पुढें जमिनी गेल्या; १९८४ सालीं जासईच्या आंदोलनांत शेतकरी गोळीबारास बळी पडले; १९८९ सालीं न्हावाशेवाचें बंदर सुरू झालें; आणि जेथें मांडव पडावयाचा त्या अंगणाशेजारून कंटेनरांचे ट्रक धांवूं लागले. लग्नें हॉलमध्यें गेलीं. हॉल तासांच्या हिशेबानें भाड्यानें मिळतो. धवळ्यास तास मोजून चालत नाहीं.

२००६ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही द्रोणागिरीच्या पायथ्याकडील एका गांवीं अशाच एका वृद्ध धवलारिणीकडे गेलों. तिचा नातू आमच्या वर्गांत होता, एवढेंच निमित्त. आम्ही तत्त्वज्ञान शिकविणारे. लोकगीतांचा व्यासंग हौशीपुरता. खिशांत मावेल असें एक लहानसें रेकॉर्डर आम्हीं नवीनच घेतलें होतें. त्यांत दोन प्रकारें मुद्रण होई. एका प्रकारांत आवाज चांगला येई पण जागा लवकर भरे. दुसऱ्यांत आवाज टेलिफोनसारखा येई पण मुद्रण कित्येक तास चाले. आम्हीं दुसरा प्रकार निवडला. शब्द कळले म्हणजे झालें, असा आमचा त्या वेळचा विचार. आजीबाई तीन तास गायल्या. यंत्रांत जागा मग पुष्कळच शिल्लक राहिली. आजीबाई २०११ सालीं वारल्या.

डिजिटल मुद्रण म्हणजे काय, हें समजण्यास आमच्या गांवचा समुद्र पुरेसा आहे. मोरा बंदराच्या धक्क्याशीं एक खांब उभा असून त्यावर पाण्याची उंची मोजण्याच्या खुणा केल्या आहेत, अशी कल्पना करावी. पाणी अखंड चढत-उतरत असतें. आपण मात्र ठराविक वेळानें जाऊन आंकडा टिपून आणणार. ध्वनीचें यंत्र हेंच करतें. हवेचा दाब अखंड बदलत असतो व यंत्र ठराविक अंतरानें त्याचें माप घेऊन आंकडा लिहून ठेवतें. सेकंदास किती वेळां मोजावयाचें ही एक गोष्ट, व प्रत्येक माप किती बारीक खुणांच्या पट्टीनें घ्यावयाचें ही दुसरी. पहिलीस नमुन्यांचा वेग म्हणतात. दुसरी बिटांच्या संख्येनें सांगतात. आठ बिटांच्या पट्टीवर २५६ खुणा असतात, सोळा बिटांच्या पट्टीवर ६५,५३६, आणि चोवीस बिटांच्या पट्टीवर १,६७,७७,२१६. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं सेकंदास ४४,१०० नमुने व सोळा बिट हें प्रमाण ठरलें. टेलिफोनच्या डिजिटल जाळ्यांत त्याच्याही पूर्वीपासून ८,००० नमुने व आठ बिट चालत आले.

दोन नमुन्यांच्या मध्यें जें कांहीं घडलें तें सर्व हरवलें, आणि म्हणून नमुने जितके दाट तितका आवाज खरा, अशी पुष्कळांची समजूत असते. ती स्वाभाविक आहे, पण चुकीची आहे. नायक्विस्ट (१९२८), कोतेल्निकोव्ह (१९३३) व शॅनन (१९४९) ह्यांच्या विवेचनांतून जो सिद्धांत पुढें आला तो असा कीं, ध्वनींत ज्या कमाल कंपनसंख्येपर्यंतचा अंश असेल तिच्या दुपटीहून अधिक वेळां मापें घेतलीं तर मधलें कांहींच हरवत नाहीं. त्या आंकड्यांवरून अखंड लहर पुन्हा काढतां येते. माणसाचा कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो (आमच्या वयाच्या माणसास बारा-तेरा हजारांच्या वरचें बहुधा ऐकूं येत नाहीं), म्हणून ४४,१०० हा आंकडा हिशेबास धरून आहे.

परंतु मापें दुपटीहून कमी पडलीं तर जें होतें तें नुसत्या हरवण्याहून भयंकर आहे. भरती सुमारें बारा तास पंचवीस मिनिटांनीं पुन्हा येते. आतां एखादा आळशी मनुष्य रोज सकाळीं आठ वाजतां एकदांच धक्क्यावर जाऊन आंकडा टिपूं लागला, तर त्याच्या वहींत काय दिसेल? भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटें पुढें सरकते. त्यामुळें त्याचे आंकडे दिवसेंदिवस हळूहळू चढतील, मग हळूहळू उतरतील, आणि एक फेरा सुमारें पंधरा दिवसांनीं पुरा होईल. तो मनुष्य शपथेवर सांगेल कीं, उरणच्या समुद्रास पंधरवड्यांतून एकदां भरती येते. त्याचा प्रत्येक आंकडा खरा, पट्टी उत्तम, लबाडीचा लेश नाहीं, आणि निष्कर्ष साफ खोटा! ओहोटीपायीं लाँच बंद पडून ज्यांनीं मोऱ्यास तासन् तास वाट पाहिली आहे ते त्यास हंसतील. पण जो समुद्र न पाहतां केवळ वहीच पाहील त्यास हंसण्याचें कांहीं साधन नाहीं. ध्वनीचेंही असेंच. तीस हजार कंपनांचा सूर ४४,१०० नमुन्यांनीं टिपूं गेल्यास १४,१०० कंपनांचा, कोणींही न काढलेला सूर त्यांत उमटतो. म्हणून यंत्रांत माप घेण्यापूर्वींच एक चाळणी बसवावी लागते. जें नीट पकडतां येणार नाहीं तें ती आंतच येऊं देत नाहीं.

आमच्या वेदान्त्यांनीं अग्रहण व अन्यथाग्रहण असा भेद केला आहे. वस्तूचें ज्ञान न होणें हें अग्रहण; ती भलतीच वस्तु म्हणून भासणें हें अन्यथाग्रहण. दोरी न दिसणें निराळें आणि दोरीच्या ठिकाणीं साप दिसणें निराळें. ध्वनियंत्रांतील ती चाळणी म्हणजे अन्यथाग्रहण टाळण्यासाठीं मुद्दाम पत्करलेलें अग्रहण होय. कित्येक वर्षें हा भेद आम्ही वर्गांत शिकवीत आलों, पण त्याचें इतकें चोख उदाहरण एखाद्या कारखान्यांत तयार होऊन आमच्याच खिशांत पडलें असेल, असें कधीं वाटलें नव्हतें.

आमच्या रेकॉर्डरनें सेकंदास आठ हजार नमुने घेतले. म्हणजे चार हजारांच्या वरचीं कंपनें चाळणीबाहेर राहिलीं. स्वरांस त्याची फारशी बाधा होत नाहीं. सूर व ताल शाबूत राहातात. परंतु ‘स’ ह्या अक्षराचा जो सूत्कार, त्याचा बहुतेक भाग चार हजारांच्या वर असतो. वाऱ्यासारखा सुटणारा ‘फ’ आणि ‘स’ ह्यांतील फरक ओळखावयाचा तो तेथेंच. टेलिफोनवर नांव सांगतांना ‘सशाचा स’, ‘फणसाचा फ’ असें बजावावें लागतें तें ह्याच कारणानें. आजीबाईंच्या एका धवळ्यांत असा एक शब्द आहे. तो ‘सुगडी’ असेल किंवा ‘फुगडी’ असेल. सुगडी म्हणजे पूजेचीं मातीचीं लहान मडकीं. फुगडी वाचकांस ठाऊकच आहे. दोन्ही शब्द लग्नघरांत शोभणारे, दोन्ही मात्रांस जुळणारे, दोहोंनींही ओळीस अर्थ येतो. मात्र तो अर्थ एक नव्हे. सुगडी म्हटली तर ती ओळ नवरीच्या आईची होते, फुगडी म्हटली तर तिच्या मैत्रिणींची. तीन तासांच्या मुद्रणांत ही ओळ एकदांच आली आहे.

बिटांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. लांकडाच्या वखारींतल्या कांट्यावर गुंजभर सोनें ठेवलें तर कांटा हालत नाहीं. त्याच्या लेखीं तें सोनें नाहींच. आवाज मोठा असतो तेव्हां जाड पट्टीही चालते. तंबोऱ्याचा नाद विरूं लागतो तेव्हां मात्र तो त्या पट्टीच्या शेवटच्या एक-दोन खुणांवर येऊन ठेपतो, आणि मग सलग विरण्याऐवजीं पायऱ्या पायऱ्यांनीं पडूं लागतो. त्यास मूळ सुरांत नसलेली एक करकर येते. ह्यावर ध्वनिशास्त्रज्ञांनीं काढलेला उपाय प्रथम ऐकतांना आम्हांस वेडेपणाचा वाटला. माप घेण्यापूर्वीं आवाजांत थोडीशी अव्यवस्थित खरखर मुद्दाम मिसळावयाची! ती मिसळली म्हणजे पायऱ्या मोडतात, करकर नाहींशी होते, आणि तो नाद त्या मंद खरखरीच्या पोटांतून, सर्वांत लहान खुणेच्याही खालीं, सलगपणें ऐकूं येत राहातो. आपली पट्टी अपुरी आहे हें यंत्रानें उघड कबूल करावें, म्हणजे त्या अपुरेपणांतून खोटें निपजत नाहीं. हा नियम गणितानें सिद्ध होणारा आहे. आम्हीं त्यास नीतीचा रंग चढविलेला नाहीं, तो त्याच्या अंगचाच दिसतो.

ह्यावरून मोठमोठ्या आंकड्यांच्या मागें लागावें असें मात्र आम्हांस म्हणावयाचें नाहीं. आमचे एक स्नेही सेकंदास १,९२,००० नमुन्यांचें संगीत विकत घेतात व आम्हांस घरीं बोलावून ऐकवितात. चहा उत्तम असतो. २००७ सालीं अमेरिकेंतील दोघा संशोधकांनीं एक चांचणी प्रसिद्ध केली. तींत अशा उंची मुद्रणांतील व तेंच संगीत ४४,१०० नमुने आणि सोळा बिट ह्यांतून गाळून काढल्यानंतरचा फरक श्रोत्यांस ओळखावयाचा होता; बरोबर उत्तरांचें प्रमाण नाणें उडवून मिळावें तेवढेंच निघालें. नंतरच्या कांहीं परीक्षणांत किंचित् फरक ओळखतां येतो असें म्हटलें आहे. तो खरा धरला तरी किंचितच. ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या मुद्रणांसाठीं चोवीस बिट व शक्य तेथें ९६,००० नमुने घ्यावे असें सांगते, तिचें कारण निराळें आहे. तबकडीवरचा चराही नीट टिपला गेला तर उद्यां तो नीट काढून टाकतां येईल, हें तिचें धोरण. जो अजून जन्मास आला नाहीं त्या ऐकणाऱ्याची ती सोय आहे. चोवीस बिटांचा उपयोगही आम्हांस असाच समजला. गांवच्या अंगणांत वारा, कोंबडीं व ट्रक ह्यांचाच आवाज इतका असतो कीं, सोळा बिटांतील खालचे कित्येक बिट त्याचेंच माप घेण्यांत खर्ची पडतात. परंतु गाणारी बाई पुढच्या क्षणीं किती मोठ्यानें गाईल हें आपणांस ठाऊक नसतें. बिट जास्त असले म्हणजे तिच्यासाठीं वर मोकळी जागा ठेवतां येते, आणि खालचेंही कांहीं हरवत नाहीं.

आतां मूळ गोष्टीकडे वळूं. आजीबाईंचा नातू गेल्या वर्षीं आमच्याकडे आला. घराण्यांतले धवळे एका लहान पुस्तकांत छापावे, सोबत आवाजही द्यावा, असा त्याचा बेत. आम्हीं त्यास जुनें मुद्रण दिलें. महिन्याभरानें तो दुसरें घेऊन आला. संगणकाचा एक नवा प्रोग्रॅम मिळतो. दबलेल्या आवाजास तो पुन्हा वरचीं कंपनें देतो. आम्हीं ऐकलें आणि खरें सांगावयाचें तर आमचे डोळे भरून आले. आजीबाई जणूं समोर बसून गात होत्या. आणि तो शब्द स्वच्छ होता: सुगडी. त्याच्या आईनें तर तें चार वेळां लावून घेतलें होतें.

हा प्रोग्रॅम करतो काय? हजारों माणसांचे चांगले मुद्रित आवाज त्यास आधीं ऐकविलेले असतात. खालचीं कंपनें अशीं असतां वरचीं बहुधा कशीं असतात, हें तो त्यांवरून शिकतो, आणि तशीं घालतो. म्हणजे ‘सुगडी’तला तो ‘स’ आजीबाईंचा नव्हे. ज्यांनीं कधीं द्रोणागिरी पाहिली नाहीं अशा हजारों माणसांच्या बोलण्यावरून बांधलेला तो एक अंदाज आहे. जेथें अग्रहण होतें तेथें त्यानें अन्यथाग्रहण आणून बसविलें. आम्हीं तसें स्पष्ट सांगितलें.

तेव्हां तो म्हणाला, “सर, तुमच्या यंत्रानें आजीचा ‘स’ काढून टाकला तें खरें, आणि ह्यानें तो परत दिला तें खोटें, हें कसें? कमी करणें आणि भर घालणें, दोन्ही फेरफारच. आणि ऐकतांना आपला कानही भर घालीतच असतो.”

प्रश्न लेचापेचा नव्हता. कान भर घालतो हें अक्षरशः खरें आहे. टेलिफोनवरचें बोलणें आपणांस कळतें तें त्यामुळेंच. शिवाय वगळणें निरुपद्रवी असतें असेंही नाहीं. अर्धी साक्ष देणारा साक्षीदार कित्येकदां खोट्या साक्षीदाराहून अधिक नुकसान करतो. आणि येथें वगळणारे आम्हीच होतों! जागा वांचविण्यासाठीं आम्हीं तें केलें, आणि वांचविलेली जागा कोणाच्याही उपयोगीं पडली नाहीं.

ग्रंथसंशोधनांत ह्या अडचणीवर एक प्रामाणिक तोड आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत जेथें पाठ निश्चित नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढलेली असते. वाचकास ओळ तर मिळते, आणि तिच्यावर किती भार टाकावा हेंही कळतें. संपादकानें भर घातली तरी ती भर म्हणूनच उभी राहाते. जात्यावरच्या ओव्यांचेंही उदाहरण घेण्यासारखें आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनीं महाराष्ट्रांतील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; आरंभीं त्या केवळ कागदावर उतरल्या, आणि १९९० नंतरच्या दशकांत बर्नार्ड बेल ह्यांच्या साहाय्यानें त्यांतील कित्येकांचें ध्वनिमुद्रण झालें. कागदावर उतरलेल्या ओवींत सूर नाहीं, जात्याची घरघर नाहीं, बाईचा दम नाहीं. आठ हजार नमुन्यांचें आमचें मुद्रण तिच्यापुढें श्रीमंत म्हटलें पाहिजे. तरी त्या कागदास कोणी खोटा म्हणत नाहीं, कारण तो आवाज असल्याचा आव आणीत नाहीं. ध्वनीची अडचण हीच आहे कीं, त्याच्याखालीं नागमोडी रेघ ओढतां येत नाहीं. स्वच्छ उच्चारलेला शब्द आपल्याबरोबर शंका वाहून नेत नाहीं. तो कानांत शिरतो तो खात्री होऊनच शिरतो. आणि एकदां ‘सुगडी’ ऐकल्यावर आम्हांलाही जुन्या मुद्रणांत तीच ऐकूं येऊं लागली, हें येथें कबूल केलें पाहिजे.

कांहींच न उरणें ह्यापेक्षां तें बरें, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. अल्लादियाखाँ १९४६ सालीं वारले. त्यांच्या गाण्याचें एकही मुद्रण आज उपलब्ध नाहीं. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर ह्यांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानांतील तबकडीवरून सूर्यमालेच्या बाहेर निघाली, आणि दुसऱ्या यानाच्या उड्डाणानंतर दोन आठवड्यांच्या आंत केसरबाई वारल्या. गुरूची शांतता आणि शिष्येचीं तीं साडेतीन मिनिटें, दोन्ही आम्हांस सारखींच सत्य वाटतात. उद्यां कोणी यंत्रास केसरबाई ऐकवून त्यांतून अल्लादियाखाँ काढून दिले, तर त्या शांततेचीही चोरी होईल.

परंतु नातवाच्या प्रश्नाची एक बाजू अजून उरतेच. परंपराही भर घालते. आजीबाईंनीं एक धवळा आमच्या विनंतीवरून दोनदां म्हटला होता व दोन्ही वेळां त्यांत अंतर पडलें. आम्हीं तें दाखवितांच त्या हंसून म्हणाल्या, “मास्तर, लगीन येगला त गाना पन येगला.” त्यांनीं स्वतःच ‘सुगडी’च्या जागीं ‘फुगडी’ घातली असती तर तें खोटें झालें असतें काय? मुळींच नाहीं. मग यंत्रानें घातलेल्या ‘स’नें असा काय गुन्हा केला? पुष्कळ विचारानंतर आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, धवलारीण शब्द बदलते तेव्हां ती मांडवांत बसलेली असते. समोर विहीणबाई असतात, म्हाताऱ्या असतात, चुकलें तर तिला तेथल्या तेथें अडविणाऱ्या असतात. तिच्या शब्दाची जबाबदारी तिच्यावर असते. प्रोग्रॅमच्या ‘स’ला जाब कोणी विचारावा? आणि मुद्रण हें कांहीं गाण्याचें पुढचें रूप नव्हे. त्या एका दुपारची ती साक्ष आहे. गाणें पुढें जाण्यास मोकळें आहे. साक्ष मोकळी नाहीं.

हें सर्व आम्हीं नातवास सांगितलें. त्यास सगळें पटलें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्याच्या आईला तर पटण्याचा प्रश्नच नव्हता. तिला आईसारख्या सासूचा आवाज परत मिळाला होता. शेवटीं ठरलें तें असें: पुस्तकांत दोन्ही शब्द छापावे व त्यांखालीं नागमोडी रेघ ओढावी, सोबत मुद्रण द्यावयाचें तें जुनें, टेलिफोनसारखें, स्वच्छ केलेलें घरांत राहावें, पण त्याच्या नांवांतच तें कशानें स्वच्छ केलें हें लिहिलेलें असावें. नातवाच्या बहिणीच्या लग्नांत तें लावूं नये असें आमचें मत होतें. तें लावलें गेलें. आम्ही हजर होतों, आणि आम्ही कांहीं बोललों नाहीं.

ह्या वैशाखांत त्याच्या एका आत्याकडे आम्ही पुन्हा गेलों. ह्या वेळीं यंत्र चांगलें होतें. ९६,००० नमुने, चोवीस बिट. बाहेर कोणाच्या तरी हळदीचा डीजे चालू होता, म्हणून आंतल्या खोलींत बसलों. आत्याबाईंस थोडेच धवळे येतात, पण तो नेमका येतो असें कळलें होतें. आम्हीं सर्व तयारी केली, त्या ओळीबद्दल कांहीं सुचवूं नये म्हणून शब्दही काढला नाहीं, आणि म्हणावयास विनंति केली. त्यांनीं पदर नीट केला, क्षणभर आमच्याकडे पाहिलें व विचारलें, “कोनाचे लगनान?”